दोराचा वाटा

आलिंग सियोनने वाळूतली मेख दोन्ही हातांनी धरून हलवली, पायाने भोवतालची वाळू उकरली आणि मेख उपटून काढली. तिच्या टोकाला लाल चिंधी बांधलेली होती. चिंधी सोडून सियोनने झग्याच्या खिशात कोंबली, मेख खांद्यावर टाकली आणि ती पुढच्या मेखेकडे निघाली. तिच्या मागून गावचा मुखिया कापितान गोर्यो चपला हातात घेऊन धापा टाकत येत होता.

"आलिंग सियोन, सरकारी आहेत त्या. मोजणीच्या आहेत."

"जाळी वाळवायला बऱ्या आहेत. सरकारला सांग, आणखी पाठव म्हणावं."

गोर्यो वाईट माणूस नव्हता. वरून आलेला कागद दिसला की त्याची मान आपोआप खाली जायची, एवढंच. त्याने एकदा रस्त्याकडे पाहिलं, कुणी बघत नाही याची खात्री केली आणि म्हातारीच्या खांद्यावरची मेख आपल्या खांद्यावर घेतली. वजन होतं म्हणून घेतली, तिच्या बाजूचा आहे म्हणून नव्हे, हेही त्याने लगेच सांगून टाकलं.

नारळीच्या बनापासून खडकांपर्यंत माबुहांगिन गावाचा सगळा किनारा या मेखांनी आखून झाला होता. तिथे मासळी बंदर व्हायचं होतं. सिमेंटचा धक्का, शीतगृह, कुंपण, आणि कुंपणाला फाटक. मासळी फाटकाच्या आतच उतरवायची, बर्फ आतलाच घ्यायचा, आणि आत जायला पास लागायचा. मोठ्या बोटी येणार म्हणून त्या पाण्यात रापण लावायला कायमची बंदी.

रापणीचं जाळं सियोनचं होतं, तिच्या आधी तिच्या नवऱ्याचं, मांग सेलोचं. वडीलधाऱ्या बाईला तिकडे मानाने आलिंग म्हणतात आणि पुरुषाला मांग. पण दोर गावाचा होता. होडी समुद्रात वळसा घालून जाळं टाकून यायची, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर यायचे, आणि दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा मिळायचा. कुठला, कुणाचा, काल कुणाशी भांडला, असलं काही कुणी विचारत नसे. ज्यांच्याकडे होडी नव्हती, शेत नव्हतं, धड हातपाय नव्हते, त्यांच्या चुली या दोरावर पेटायच्या. नियम एकच होता: जाळ्याचं पोट वाळूला लागेपर्यंत दोर सोडायचा नाही. जायचंच झालं तर हाक मारायची, दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि मग जायचं. मधेच सोडणाऱ्याला वाटा नाही, मग तो पाद्री असला तरी.

हा किनारा ज्याने आखायला लावला तो याच दोरावर वाढला होता, आणि सियोनला सगळ्यात जास्त झोंबत होतं ते हेच.

तेओदुलो आब्रेनिका. लहानपणी इतका किडकिडीत की त्याला सगळे दुलोंग म्हणायचे. दुलोंग म्हणजे मूठभर एकदम तळून खातात ती बारीक मासळी. बाप दारूत गेला, आई परगावी धुणी धुवायला गेली, आणि हा पोरगा रोज सकाळी दोराच्या शेपटाला लोंबकळायचा. एकदा पाण्यात जेलीफिश डसला म्हणून किंचाळून त्याने दोर सोडला. मांग सेलोने नियमाप्रमाणे वाटा दिला नाही. पोरगा उलट्या होडीआड रडत बसला, तेव्हा सियोनने आपल्या वाट्यातले दोन बांगडे केळीच्या पानात गुंडाळून त्याच्या मांडीवर ठेवले. नवऱ्याने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

पुढे दुलोंगने भुशात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या वाहिल्या, मग एक मोडका बर्फाचा कारखाना घेतला. त्याला अक्कल होती, आणि कष्ट करायची लाजही नव्हती. कोळ्यांना तो बर्फ उधार द्यायचा, फक्त मासळी त्यालाच घालावी लागायची, आणि भाव तो सांगेल तो. याला कुणी लुबाडणूक म्हटलं नाही. आपल्यातलाच पोरगा वर येतोय याचं कौतुक होतं. बर्फामागून ट्रक आले, ट्रकांमागून तारलीच्या डब्यांचा कारखाना आला, आणि दुलोंग मनिलाला राहायला गेला. त्याच्या लग्नात सियोन निनांग होती, म्हणजे धर्माची आई म्हणून वेदीशेजारी उभी होती. मग एक निवडणूक झाली. त्याने कुणाला काय दिलं ते विचारू नये. नवं सरकार आलं आणि तेओदुलो आब्रेनिका मासळी बंदर मंडळाचे अध्यक्ष झाले.

पगार घेणार वर्षाला एक पेसो. त्या एका पेसोला वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं. पोट भरलेला माणूस चोरी करत नाही, असं रेडिओवरचा एक शहाणा म्हणाला आणि गावानेही माना डोलावल्या. ज्यांनी असली भरलेली पोटं जवळून पाहिली आहेत त्यांना विचारा. आणि जो पगारच घेत नाही त्याला जाब कुठल्या तोंडाने विचारायचा, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

सियोन त्याला भेटायला प्रांताच्या मुख्य गावी त्याच्या कचेरीत गेली ती रविवारचा झगा घालून, सुक्या मासळीची पुडी घेऊन. अध्यक्ष स्वतः दारापर्यंत आले, वाकले, तिचा हात घेऊन आपल्या कपाळाला लावला. थोरांना करायचा तो मान त्याने अगदी मनापासून केला. त्यात खोट नव्हती, आणि पंचाईत तीच होती. सरळ सरळ लबाड माणसाशी भांडणं सोपं असतं.

"निनांग, फोन केला असता तर गाडी पाठवली असती."

"गाडीतून आले असते तर गाव म्हणालं असतं, म्हातारी विकली गेली."

तो मोठ्याने हसला. कॉफी मागवली, पुडीचा वास घेऊन डोळे मिटले, आणि तिला काचेच्या पेटीतला देखावा दाखवायला नेलं. पेटीत माबुहांगिन होतं. पांढरी शुभ्र इमारत, कापसाच्या लाटा, काड्यापेटीएवढे ट्रक. त्याने एकेक गोष्ट बोटाने दाखवली. मासळी सडणार नाही, भाव मिळेल, पक्कं छप्पर असेल, संडाससुद्धा असतील.

सियोनने नाक काचेला लावून बराच वेळ पाहिलं.

"यात लोलेंग कुठंय?"

लोलेंग म्हणजे तिची शेजारीण, विधवा, एका डोळ्याने अधू. अध्यक्षांना ती आठवली. तिला पॅकिंगमध्ये काम देऊ म्हणाले.

"तिला नीट दिसत नाही, दुलोंग. पॅकिंगला डोळे लागतात. दोराला लागत नाहीत."

यावर त्याने पेन्शनच्या एका योजनेचं नाव सांगितलं. सियोनने ते ऐकून घेतलं आणि पांढऱ्या इमारतीवर बोट ठेवलं.

"इथला बर्फ कुणाचा?"

"निविदा निघेल, निनांग. सगळं कायद्याने होईल. मी कंपनी केव्हाच सोडली. आता निता बघते."

"निता म्हणजे तुझी बायको."

"कायद्याने ती वेगळी व्यक्ती आहे."

"लग्नात तुमच्या दोघांच्या खांद्यावरून दोरी घातली तेव्हा मी शेजारीच उभी होते. आजपासून हे दोघं एक, असं पाद्री म्हणाला होता. वेगळी व्यक्ती म्हणे."

त्याचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्याने खुर्ची जवळ ओढली आणि खरं कारण सांगितलं. कायद्यात एक अडचण होती. गावाने सभेत हात वर करून संमती दिल्याशिवाय बांधकाम सुरू करता येत नव्हतं. पायाभरणीला मनिलाहून खात्याच्या सचिवबाई येणार होत्या, तारीख ठरली होती, आणि माबुहांगिनकर तर रस्त्यावर होड्या आडव्या घालायच्या गोष्टी करत होते.

"गाव तुमचं ऐकतं. तुमचा हात वर गेला की सगळ्यांचे जातील."

सियोनने कॉफी संपवली, कप बशीत पालथा घातला आणि म्हणाली, "तू ये आणि दोर धर. जाळ्याचं पोट वाळूला लागेपर्यंत. मग तुला काय सांगायचंय ते तिथे उभं राहून सांग. आम्ही ऐकू."

"एवढंच?"

"एवढंच."

तो इतका खूश झाला की त्याने तिथल्या तिथे आपल्या प्रसिद्धीवालीला बोलावलं आणि छायाचित्रकारांची सोय करायला सांगितलं. निघताना पुन्हा वाकला, पुन्हा तिचा हात कपाळाला लावला.

हा भोळेपणा होता, आणि एकट्या सियोनचा नव्हता. माबुहांगिनची माणसं पिढ्यान्‌पिढ्या हीच चूक करत आली आहेत. आपल्याबरोबर दोर ओढलेला माणूस आपल्याला बुडवणार नाही, असं त्यांना मनापासून वाटतं. सियोनची समजूत अशी, की मागे लोलेंग, पुढे शेजारचा पांगळा, आणि मधे दोराचं ते वजन हाताला लागलं की दुलोंगला काचेच्या पेटीत काय राहून गेलं ते आपोआप कळेल. भाषणाने न कळणाऱ्या गोष्टी हाताला कळतात, असं ती म्हणायची. तिने घरोघर जाऊन रस्ता अडवायचा बेत मोडून काढला. तरुण मंडळी चिडली. एकाने तर तोंडावर विचारलं, सुक्या मासळीच्या बदल्यात काय मिळालं म्हणून. तिने ते गिळलं. "तो दोर धरेल," एवढंच ती सांगत राहिली.

ठरलेल्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर मांडव होता, बँड होता, आख्ख्या भाजलेल्या डुकराचा खमंग वास होता, आणि नारळीच्या दोन झाडांना बांधलेला भला मोठा फलक होता. "धन्यवाद, अध्यक्ष आब्रेनिका!" फलकावर त्याचा हसरा चेहरा होडीपेक्षा मोठा होता. अजून कुणाला काही मिळालं नव्हतं, आभार मात्र छापून तयार होते.

तो आला. समारंभाला घालतात त्या पातळ पांढऱ्या बारोंग सदऱ्याच्या बाह्या त्याने वर सारल्या, बूट काढले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि सरळ दोराशी गेला. ज्यांनी त्याला शिव्या घालायचं ठरवलं होतं तीही माणसं गप्प झाली, कारण तो दोर धरायला विसरला नव्हता. टाच वाळूत रोवून, अंग मागे टाकून, खांद्याने न ओढता कमरेने ओढत होता. छायाचित्रकारांनी एकदा पुन्हा करा म्हटलं तर "दोर थांबत नाही रे बाबा" म्हणाला, आणि ओळ हसली. मागे वळून त्याने लोलेंगला डोळ्याचं विचारलं. तिच्या जावयाचं नावसुद्धा त्याच्या लक्षात होतं. सियोन पाण्याच्या कडेला उभी राहून जाळ्याच्या कडेला बांधलेले तरंगते गोळे बघत होती, आणि दोनदा तिने झग्याच्या बाहीला डोळे पुसले. आपण बरोबर होतो असं तिला वाटलं. पांगळ्या शेजाऱ्याला तिने तसं बोलूनही दाखवलं.

जाळ्याचं पोट अजून कमरेएवढ्या पाण्यात होतं तेव्हा रस्त्यावर भोंगे वाजले. सचिवबाईंच्या गाड्या वेळेआधीच आल्या होत्या. प्रसिद्धीवाली वाळूत टाचा रुतवत धावत आली आणि अध्यक्षांच्या कानाशी लागली. त्याने रस्त्याकडे पाहिलं. मग पाण्याकडे पाहिलं. जाळं जवळ आलं होतं. सिगारेट ओढून संपेल एवढा वेळ, फार तर.

त्याने दोर सोडला.

हाक नाही, कुणाच्या हातात देणं नाही. ओळीच्या ऐन मधला धडधाकट माणूस गेला आणि समुद्राने दोर हिसकला. पुढचे दोघे गुडघ्यांवर आले. लोलेंगला दिसलंच नाही काय झालं ते; ती दोर धरून राहिली, आणि ओला काथ्या तिच्या तळहातातून सरसरत गेला. ती पालथी पडली आणि तशीच दोराला चिकटून राहिली. त्याने मागे पाहिलं नाही असं नाही. पाहिलं, पण छायाचित्रकाराकडे. तोवर तो रुमालाने हात पुसत मांडवाकडे निघाला होता.

दोर मग बायकांनी धरला. भाजलेल्या डुकराशी उभी असलेली तरुण मंडळी धावत आली, त्यांनी धरला, आणि जाळ्याचं पोट वाळूला लागलं. सियोनने लोलेंगचे हात समुद्राच्या पाण्यात धुतले. एका तळहाताची सालटी निघाली होती. खिशात हात घातला तर मेखेची लाल चिंधी हाताला लागली. तीच तिने लोलेंगच्या हाताला गुंडाळली.

"त्याला घाई असेल गं," लोलेंग म्हणाली.

"हो. असेल," सियोन म्हणाली, आणि चिंधीची गाठ तिने दातांनी आवळली.

मांडवात भाषणं झाली, बँड वाजला, पायाच्या दगडावर पाद्र्याने पवित्र पाणी शिंपडलं. इकडे वाळूवर मासळीचे ढीग पडत होते. ज्याचा त्याने आपला वाटा आपल्या पाटीत घेतला. सियोन वाटत होती.

थोड्या वेळाने प्रसिद्धीवाली एक चकचकीत पातेलं घेऊन आली. सचिवबाईंना ताज्या मासळीचा आंबट रस्सा हवा होता, आणि अध्यक्षांच्या स्वतःच्या वाट्यातला असला तर फार शोभून दिसेल.

"त्याला वाटा नाही," सियोन म्हणाली. "त्याने दोर सोडला."

पोरीला वाटलं म्हातारी चेष्टा करते आहे. ती हसली, आणि आजूबाजूला कुणीच हसत नाही हे पाहून परत गेली. मग तो स्वतः आला. मागे कॅमेरे होते.

"निनांग, माझे दोन मासे?"

"नियम तुला ठाऊक आहे, दुलोंग."

तो जवळ सरकला आणि कॅमेऱ्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलला. "तेव्हासुद्धा मी सोडला होता. तुम्ही तुमच्यातले दिले होते."

"तेव्हा तुला जेलीफिश डसला होता," सियोन म्हणाली. ती मात्र हळू बोलली नाही. "आज काय डसलं?"

तिने आपली पाटी उचलली आणि तिच्यातली सगळी मासळी लोलेंगच्या पाटीत ओतली. एक बांगडा वाळूत पडला तो लोलेंगच्या नातीने उचलून आजीच्या पाटीत टाकला. अध्यक्ष कॅमेऱ्यांकडे वळून हसले आणि म्हणाले, आमची निनांग फार कडक आहे. त्यांनी बोटाने कापितान गोर्योला खूण केली.

गोर्योने घसा खाकरला. सचिवबाईंना निघायचं होतं म्हणून सभा तिथेच, वाळूवर, उभ्या उभ्या घ्यायची ठरली. बँड थांबला. गोर्योने कागद वाचला, जसाच्या तसा, अडखळत. मग म्हणाला, ज्यांची बंदराला संमती आहे त्यांनी हात वर करावेत.

सगळ्यांच्या हातात पाट्या होत्या. दोन्ही हातांनी धरलेल्या, ओल्या, जड. कुणी मान खाली घातली नाही, कुणी काही ओरडलं नाही. सगळे सियोनकडे बघत होते. गोर्योने कागद पुन्हा वाचला. या वेळी तो अडखळला नाही. वाचून झाल्यावर त्याने कागदाची घडी केली आणि दोन्ही हात मागे बांधले.

मांडवातून सचिवबाई उठून बघू लागल्या. तेव्हा तेओदुलो आब्रेनिका वाळू तुडवत सियोनसमोर आला. चेहऱ्यावर हसू होतं, कपाळावर घाम होता. तो वाकला, चांगला कमरेत वाकला, आणि तिचा हात कपाळाला लावायला म्हणून त्याने आपला हात पुढे केला. हात मिळाला असता तर तो वरही गेला असता, आणि संमती म्हणून तेवढं चित्र पुरलं असतं. कॅमेरे जवळ आले.

तो तसाच वाकून राहिला. त्याच्या नाकाशी खवल्यांनी माखलेली पाटीची कड होती. आलिंग सियोनने पाटी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. पाटी रिकामी होती, आणि खाली ठेवायला वाळूत जागाही भरपूर होती.